सेफ्टी की सिक्युरिटी? एकमेकांत गुंतलेले दोन इंग्रजी शब्द सोडवायचे कसे

मुंबईतल्या कुठल्याही उडप्याच्या हॉटेलात गल्ल्यामागच्या भिंतीवर चौदा आकडी क्रमांकाचा एक परवाना लटकलेला असतो. तो 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली मिळतो. त्याच गल्लीत रेशनचं दुकान असेल, तर तिथलं धान्य 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली येतं: प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो, अंत्योदय कुटुंबाला 35 किलो. मराठीत दोन्हीकडे ‘अन्न सुरक्षा’. इंग्रजीत मात्र हॉटेलच्या भिंतीवर ‘फूड सेफ्टी’ आणि रेशनच्या दुकानात ‘फूड सिक्युरिटी’. पहिल्या कायद्याला काळजी खाल्लेलं बाधेल का याची, दुसऱ्याला खायला मिळेल का याची. एखाद्या बातमीत नुसतं ‘अन्न सुरक्षेसाठी नवी मोहीम’ असं छापून आलं, तर दुधातली भेसळ पकडणार आहेत की शिधापत्रिका वाटणार आहेत, हे पुढचा परिच्छेद वाचल्याशिवाय कळत नाही.

सरकारी कागद, सोसायट्यांच्या नोटिसा, बँकांची पत्रं असं काहीबाही इंग्रजीतून मराठीत आणायचं काम मी करते. अशा जोड्या रोज आडव्या येतात. त्या सोडवायची जी पद्धत माझ्या हाताला बसली आहे ती इथे ‘सेफ’ आणि ‘सिक्युअर’ या जोडीवर पायरीपायरीने दाखवते. भाषांतर करणारे, शिकवणारे, स्पर्धा परीक्षा देणारे किंवा नोटीस लिहायला बसलेले सोसायटीचे सेक्रेटरी, कुणालाही ती वापरता येईल. लागतं काय, तर एक वही आणि थोडा धीर.

पहिली पायरी: मराठी प्रतिशब्द बाजूला ठेवा

शब्द दिसला की शेजारी मराठी शब्द लिहायचा, ही सवय शाळेपासूनची. अशा जोड्यांमध्ये तीच आड येते. ‘सेफ’ म्हणजे सुरक्षित, ‘सिक्युअर’ म्हणजेही सुरक्षित, असं लिहिलं की फरक शोधायला जागाच उरत नाही. इंग्रजी-मराठी कोशही यात फार मदत करत नाही आणि तो त्याचा दोष नव्हे. मोल्सवर्थने सुरू केलेला आणि कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश 1847 मध्ये मुंबईत छापून निघाला. तेव्हापासून आजवर द्विभाषी कोश जवळपासचे सगळे शब्द ओळीने मांडून ठेवतात. त्यातला कुठला उचलायचा ते वाचणाऱ्याने ठरवायचं असतं.

म्हणून एकभाषी कोश घ्या, त्यातही इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेले. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन, कॉलिन्स या सगळ्यांचे तसले कोश इंटरनेटवर फुकट बघता येतात. त्यातल्या व्याख्येवर फार वेळ घालवू नका. जवळच्या अर्थाच्या शब्दांच्या व्याख्या बऱ्याचदा एकमेकींच्याच दारी नेऊन सोडतात. खाली दिलेली उदाहरणवाक्यं मात्र एकूण एक वाचा.

दुसरी पायरी: वाक्यं गोळा करा, शक्यतो आपल्या वाटेवरची

प्रत्येक शब्दाची दहाबारा वाक्यं किंवा शब्दजोड्या वहीत उतरवा. मुंबईत त्यासाठी लांब जावं लागत नाही. स्टेशनवरच्या पाट्या, विमानतळ, बँकेचा एसएमएस, लिफ्टशेजारचा फळा, वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा, एवढं पुरतं. माझ्या वहीत ‘सेफ’खाली जमा झालेली मंडळी अशी: सेफ ड्रिंकिंग वॉटर, सेफ डिस्टन्स, सेफ डोस, सेफ जर्नी, सेफ बेट, प्ले सेफ, फायर सेफ्टी, रोड सेफ्टी, सेफ्टी बेल्ट, सेफ्टी पिन. ‘सिक्युअर’खाली: सिक्युअर पासवर्ड, सिक्युअर जॉब, सिक्युअर्ड लोन, सिक्युरिटी डिपॉझिट, सिक्युरिटी चेक, नॅशनल सिक्युरिटी, सोशल सिक्युरिटी आणि दलाल स्ट्रीटवर ज्यांची खरेदीविक्री चालते त्या सिक्युरिटीज.

एक खबरदारी घ्यायची. आपल्याकडचं इंग्रजी वेगळं टिपून ठेवा. मुंबईत ‘सिक्युरिटी’ हा चालताबोलता माणूस असतो. ‘सिक्युरिटीला सांगून ठेव, कुरिअर येणार आहे’, ‘आमचा रात्रीचा सिक्युरिटी गावी गेलाय.’ इंग्लंडमध्येही ‘कॉल सिक्युरिटी’ म्हणतात, पण तिथे तो अख्खा विभाग असतो. ‘आमचा एक सिक्युरिटी’ असा मोजता येणारा माणूस ही आपली करणी. तसंच ‘सिक्युअर्ड 85 पर्सेंट’. निकालाच्या दिवशी क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवर हे हमखास दिसतं. चूक नाही, पण अस्सल आपल्याकडचं आहे. अशा नोंदींवर खूण करा, नाहीतर पुढच्या पायऱ्यांवर त्या गोंधळ घालतात.

वाक्यं कमी पडली तर गूगल बुक्सचा एनग्रॅम व्ह्यूअर वापरा. रोमन लिपीत ‘सेफ’ लिहून पुढे जागा सोडून तारांकन टाकलं, की त्या शब्दापाठोपाठ सर्वांत जास्त वेळा येणारे दहा शब्द तो दाखवतो. मग ‘सिक्युअर’चं तसंच करा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्येही, म्हणजे ब्रिटिश इंग्रजीच्या सुमारे 10 कोटी शब्दांच्या साठ्यात, असे शोध घेता येतात. पण आधी वही भरा, मग यंत्राकडे जा. यंत्राने दिलेली यादी डोक्यात राहत नाही.

तिसरी पायरी: शेजारपाजार बघा

आता यादीकडे बघा. ‘सेफ’च्या आसपास पाणी, अन्न, औषध, अंतर, गाडी चालवणं, म्हणजे ज्यांनी अंगाला काही होऊ शकतं अशा गोष्टी दिसतात. ‘सिक्युअर’भोवती दार, कुलूप, पासवर्ड, सीमा, करार, कर्ज, नोकरी. काहीतरी बंद करायचं, बांधायचं किंवा पक्कं करायचं असतं तिथे हा शब्द येतो.

त्याहून महत्त्वाचे पाठीमागून येणारे छोटे शब्द. यांच्याकडे कुणी बघत नाही आणि सगळं रहस्य तिथेच असतं. ‘सेफ’पुढे ‘फ्रॉम’ येतो, ‘फॉर’ येतो आणि ‘टू’ही येतो: ‘सेफ फ्रॉम फ्लड्स’, ‘सेफ फॉर चिल्ड्रन’, ‘सेफ टू ड्रिंक’. ‘सिक्युअर’पुढे ‘फ्रॉम’ आणि ‘अगेन्स्ट’ चालतात, पण ‘सिक्युअर टू ड्रिंक’ असं इंग्रजीत कुणी म्हणणार नाही.

असं का? कारण ‘सेफ’ दोन्ही बाजूंनी चालतो. ‘द चाइल्ड इज सेफ’ म्हणजे मुलाला काही होणार नाही. ‘द टॉय इज सेफ’ म्हणजे खेळणं मुलाला काही करणार नाही. एकदा हा शब्द ज्याला इजा होऊ शकते त्याला लागतो, एकदा ज्याच्यापासून इजा होऊ शकते त्याला. ‘सिक्युअर’ला ही दुसरी बाजू नाही. कुत्र्याचं उदाहरण घ्या. 26 जुलै 2005 सारख्या पावसात सापडलेला कुत्रा धडधाकट घरी आला, तर ‘द डॉग इज सेफ’. पाहुण्यांना सांगायचंय की चावत नाही, तरी ‘द डॉग इज सेफ’. ‘द डॉग इज सिक्युअर’ म्हटलं तर तो बांधलेला आहे किंवा फाटक लावलेलं आहे, सुटून जाणार नाही. चावतो की नाही याबद्दल त्या वाक्यात एक अक्षर नाही.

सेफ्टी पिनेला ‘सेफ्टी’ का म्हणतात, हेही इथे कळतं. 1849 मध्ये वॉल्टर हंटने अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं. टोकावर टोपण असल्यामुळे ती वापरणाऱ्याला टोचत नाही, म्हणून सेफ्टी. लोकलच्या गर्दीत मात्र कित्येक जणी तीच पिन उघडून मुठीत धरतात. नाव सेफ्टीचं, काम सिक्युरिटीचं.

चौथी पायरी: अदलाबदल करा

ही सर्वांत कसाची पायरी. गोळा केलेलं प्रत्येक वाक्य घ्या, त्यातला शब्द काढा, दुसरा बसवा आणि मोठ्याने वाचा. तीनपैकी एक गोष्ट होते: अर्थ तोच राहतो, अर्थ बदलतो किंवा वाक्यच मोडतं. वहीत तीन रकाने करा आणि वाक्य ज्याच्या त्याच्या रकान्यात टाका.

वाक्य मोडलं की काम सोपं. ‘हॅव अ सिक्युअर जर्नी’ कुणी म्हणत नाही. ‘सेफ डिपॉझिट’ आणि ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ दोन्ही अस्तित्वात आहेत, पण पहिलं बँकेतल्या लॉकरशी जातं आणि दुसरं घरमालकाकडे अडकलेल्या पैशांशी. इथे अदलाबदल होतच नाही. अर्थ तसाच राहिला तर त्या जागी वाद घालत बसू नका. ‘आय फील सेफ हिअर’ आणि ‘आय फील सिक्युअर हिअर’ यांत बारीक छटा आहे, पण भाषांतराचं घोडं तिथे अडत नाही.

खरी कमाई मधल्या रकान्यात. दोन्ही वाक्यं बरोबर, दोन्ही सहज, आणि अर्थ मात्र वेगळे. माझं आवडतं उदाहरण परांचीचं. मुंबईत पावसाळा संपला की इमारतींच्या अंगावर बांबू चढतात आणि पुढचे काही महिने अर्धं शहर पिंजऱ्यात असल्यासारखं दिसतं. त्या परांचीकडे बघून दोन प्रश्न विचारता येतात: ‘इज द स्कॅफोल्डिंग सिक्युअर?’ आणि ‘इज द स्कॅफोल्डिंग सेफ?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बांबूंकडे आहे. काथ्याच्या गाठी आवळलेल्या आहेत का, उभे बांबू खाली नीट टेकलेत का, आडवा बांबू हलवला तर डुगडुगतो का? सगळं घट्ट असेल तर सिक्युअर. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र बांबूंवर संपत नाही. गाठी पक्क्या आहेत, पण चढणाऱ्या रंगाऱ्याच्या कमरेला पट्टा नाही. खाली जाळी नाही. तिसऱ्या मजल्याशी उघडी वायर बांबूला घासून गेली आहे. परांची सिक्युअर आहे, पण सेफ नाही. कंत्राटदाराने ‘स्कॅफोल्डिंग इज सिक्युअर’ असं लिहून दिलं आणि सोसायटीने त्याचं मराठीत ‘परांची सुरक्षित आहे’ केलं, तर कागदावर न दिलेलं आश्वासन मराठीत आपोआप जन्माला येतं. इथे ‘परांचीची बांधणी पक्की आहे’ एवढंच लिहायला हवं.

पैशांचंही असंच. बँकेची तिजोरी पोलादी, दारावर पहारा, खात्याला पासवर्ड आणि ओटीपी. हे सगळं सिक्युअर. पण एखादी सहकारी बँक आतून पोखरली गेली असेल, तर त्या पोलादी दाराआडचे पैसे सेफ नसतात. त्यासाठी ठेव विमा लागतो. फेब्रुवारी 2020 पासून तो एका बँकेत एका ठेवीदाराला 5 लाख रुपयांपर्यंत मिळतो. ‘युअर डिपॉझिट्स आर सेफ’ आणि ‘युअर अकाउंट इज सिक्युअर’ ही वाक्यं एकाच बँकेच्या पत्रात आली, तर ती दोन वेगळी वचनं आहेत असं समजून वाचावं.

पाचवी पायरी: उलटा शब्द लावून बघा

दोन शब्द कितीही जवळ बसोत, त्यांचे विरुद्धार्थी शब्द बहुधा लांब पळतात. ‘अनसेफ’ आणि ‘इनसिक्युअर’ शेजारी ठेवा. महापालिका पावसाळ्यापूर्वी ज्या इमारतींना सी-1 म्हणजे अतिधोकादायक ठरवते, त्या ‘अनसेफ’. ‘इनसिक्युअर बिल्डिंग’ म्हणजे जिचं फाटक लागत नाही, जिथे कुणीही सरळ आत शिरतो. माणसाच्या बाबतीत तर दोघांचा काही संबंधच उरत नाही. ‘ही इज इनसिक्युअर’ म्हणजे त्याला स्वतःबद्दल खात्री नाही. ‘ही इज अनसेफ’ म्हणजे त्याच्या जिवाला धोका आहे, किंवा त्याच्यापासून इतरांना. ऑफिसात बॉसबद्दल यातलं कुठलं वाक्य म्हणायचं, हे शब्दकोशापेक्षा अनुभवाने चांगलं कळतं.

याच वेळी शब्दाचं कुटुंबही तपासा. ‘सिक्युअर’ क्रियापद होऊ शकतं: मिळवणं, पक्कं करणं, तारण देणं. ‘सेफ’ क्रियापद होत नाही. उलट ‘सेफ’ नाम झालं की तिजोरी होते. ‘सिक्युरिटी’चं अनेकवचन केलं तर अर्थ थेट रोखे-शेअर्सवर जातो. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सेबीच्या नावातला पहिला ‘एस’ हाच. तिचा पहारेकऱ्यांशी काही संबंध नाही.

सहावी पायरी: धोका कुठून येतो ते विचारा

या जोडीचं एका ओळीतलं उत्तर सगळीकडे मिळतं: सेफ्टी अपघातापासून, सिक्युरिटी हल्ल्यापासून. मराठीत तर ते आणखी नेटकं बसतं: सेफ्टी अपघाताची, सिक्युरिटी घातपाताची. नियम वाईट नाही. लोकलच्या डब्यात बघा. वरच्या कड्या, दारातला मधला खांब, फलाट आणि डब्यामधलं अंतर कमी करण्यासाठी उंचावलेले फलाट, ही सेफ्टी. रात्री महिलांच्या डब्यात उभा असलेला पोलीस, ही सिक्युरिटी. विमान वाहतुकीत तर दोन्ही खाती कागदावरच वेगळी आहेत. 1944 च्या शिकागो कराराला जोडलेल्या परिशिष्टांपैकी सतरावं सिक्युरिटीचं. विमान अपहरणांची लाट आल्यानंतर 1974 मध्ये ते स्वीकारलं गेलं. सेफ्टीच्या व्यवस्थापनाचं परिशिष्ट एकोणिसावं. आपल्याकडेही सेफ्टी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय बघतं आणि सिक्युरिटीचे नियम नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभाग ठरवतो. बॅगा तपासणारा सीआयएसएफचा जवान आणि पट्टा कसा बांधायचा हे दाखवणारी हवाई सुंदरी यांची खाती वेगळी आहेत, हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मराठी बातम्यांत मात्र याची गल्लत होते. नवी मेट्रो सुरू होण्याआधी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांचं प्रमाणपत्र लागतं. रूळ, सिग्नल, ब्रेक, आपत्कालीन बाहेर पडण्याचे मार्ग असं सगळं त्यात तपासलं जातं. हे ‘सेफ्टी’चे आयुक्त. ‘मेट्रोची सुरक्षा तपासणी पूर्ण’ असा मथळा वाचून श्वानपथक फिरून गेलं असं वाटलं, तर वाचणाऱ्याला बोल लावता येणार नाही.

पण नियम कुठे मोडतो तेही शोधायलाच हवं आणि इथेच बरेच जण घाईने थांबतात. ‘जॉब सिक्युरिटी’त घातपात कुठे आहे? ‘सोशल सिक्युरिटी’त हल्लेखोर कोण? ‘फूड सिक्युरिटी’त कुणी धान्य पळवत नसतं, रेशनवरचा काळाबाजार हा वेगळा विषय. या तिन्ही ठिकाणी ‘सिक्युरिटी’ म्हणजे शाश्वती. आज आहे ते उद्याही असेल, याची खात्री. कर्जाच्या तारणाला ‘सिक्युरिटी’ म्हणतात तेही याच अर्थाने: पैसे परत येण्याची हमी. म्हणजे या शब्दाचं एक टोक पहाऱ्याकडे आहे आणि दुसरं हमीकडे. दोन्ही टोकं धरली तरच तो हातात येतो.

सुरुवातीच्या अन्नाच्या जोडीकडे आता वेगळ्या नजरेने बघता येईल. ‘फूड सिक्युरिटी’ ही संज्ञा 1974 च्या रोममधल्या जागतिक अन्न परिषदेत पुढे आली, तेव्हा चिंता धान्याच्या पुरवठ्याची होती. 1996 मध्ये रोमलाच झालेल्या शिखर परिषदेने जी व्याख्या मांडली, तिचा आशय असा: सर्व माणसांना सर्व काळ पुरेसं, सुरक्षित आणि पौष्टिक अन्न मिळवता आलं पाहिजे, ते हाताशीही हवं आणि परवडायलाही हवं. यातल्या ‘सुरक्षित’च्या जागी मूळ इंग्रजीत ‘सेफ’ आहे. म्हणजे ‘फूड सिक्युरिटी’च्या व्याख्येच्या पोटातच ‘सेफ’ बसला आहे. उलट मात्र होत नाही. तुमच्या ताटातलं अन्न उत्तम, निर्भेळ, सेफ असेल आणि उद्या ताट मिळेल की नाही याचा पत्ता नसेल. दोन शब्दांचे अर्थ एकमेकांवर येतात म्हणजे ते निम्मे निम्मे येतात असं नाही. कधी एक दुसऱ्याच्या आत मावतो. हे ज्या जोडीत सापडेल तिथे वहीत ठळक लिहून ठेवा.

सातवी पायरी: शब्दावर कायद्याचा हक्क आहे का?

काही शब्दांचे अर्थ बोलणाऱ्यांनी ठरवलेले नसतात, कायद्याने ठरवलेले असतात. तिथे वरच्या पायऱ्या गुंडाळून ठेवायच्या आणि व्याख्येचं कलम काढायचं. मुंबईत भाड्याने राहिलेल्या प्रत्येकाने ‘लीव्ह अँड लायसन्स’वर सही केलेली असते. बोलताना आपण त्याला भाडं म्हणतो, घरमालकही भाडंच म्हणतो, पण ‘लीज’ आणि ‘लायसन्स’ कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 105 नुसार लीजमध्ये जागेच्या उपभोगाचा हक्क हस्तांतरित होतो. त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम 52 नुसार लायसन्स ही नुसती परवानगी. जागेत हक्क निर्माण होत नाही. म्हणून एकाला ‘भाडेपट्टा’ आणि दुसऱ्याला ‘अनुज्ञप्ती’ हे शब्द, कितीही जड वाटले तरी, करारात तसेच ठेवावे लागतात. गंमत अशी की कागदावर काय लिहिलंय एवढ्यावर न्यायालय थांबत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात दस्ताचा आशय आणि पक्षांचा हेतू बघायला सांगितलं. भाषांतर करणाऱ्याला मात्र तेवढी मोकळीक नाही. समोर जो शब्द आहे त्याचा ठरलेला पर्याय वापरायचा आणि अर्थ लावायचं काम वकिलावर सोडायचं.

‘सिक्युअर्ड लोन’ याच गटातलं. मराठीत ते सर्रास ‘सुरक्षित कर्ज’ म्हणून छापलं जातं. सुरक्षित कोणाला? बँकेला. हप्ते थकले तर 2002 च्या सरफेसी कायद्याखाली बँक कोर्टात दावा न लावता तुमच्या घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. ‘तारणी कर्ज’ म्हटलं की कर्जदाराच्या लगेच लक्षात येतं की आपलं काहीतरी गहाण पडलंय.

आठवी पायरी: व्युत्पत्ती बघा, पण तिच्या भरवशावर राहू नका

‘सिक्युअर’ लॅटिन ‘सेक्युरुस’मधून आला: ‘से’ म्हणजे विना, ‘कुरा’ म्हणजे काळजी. बिनघोर, असा त्याचा मूळ अर्थ. ‘शुअर’ हा त्याचाच भाऊ, फ्रेंच वाटेने आलेला. त्यामुळे सिक्युरिटीतली ‘खात्री’ कुठून आली ते कळतं. ‘सेफ’ लॅटिन ‘साल्वुस’मधून, धडधाकट, न दुखावलेला. मूळ अर्थ आजच्या वापराशी जुळतो म्हणून ही जोडी सोयीची. सगळ्याच जोड्यांत असं जमत नाही. व्युत्पत्ती साक्षीदार म्हणून बोलवावी, न्यायाधीश म्हणून नाही.

नववी पायरी: तीन वाक्यं लिहा, मगच मराठीकडे वळा

एवढं झाल्यावर फरक सांगणारा परिच्छेद लिहायला बसू नका. त्याऐवजी तीन वाक्यं लिहा: एक जिथे दोन्ही शब्द चालतात, एक जिथे फक्त पहिला चालतो, एक जिथे फक्त दुसरा. आपल्या जोडीची अशी होतील: ‘आय फील सेफ हिअर’मध्ये दोन्ही, ‘सेफ टू ड्रिंक’मध्ये फक्त सेफ, ‘सिक्युअर द रोप’मध्ये फक्त सिक्युअर. विद्यार्थ्यांना हीच द्यावीत. व्याख्या परीक्षेपर्यंत टिकतात, वाक्यं त्यानंतरही.

आता मराठी. आणि इथे आपली भाषा किती श्रीमंत आहे ते दिसतं. गरीब असते ती फक्त आपली ‘सुरक्षा’ची सवय. प्रवासातून कुणी सेफ पोहोचलं तर ‘सुखरूप’. पाणी सेफ असेल तर ‘पिण्यायोग्य’. रस्ता सेफ असेल तर ‘बिनधोक’ किंवा ‘निर्धोक’. गाठ सिक्युअर असेल तर ‘पक्की’. सिक्युरिटी सभेला लावली तर ‘बंदोबस्त’, गोदामाला लावली तर ‘पहारा’, नोकरीत असेल तर ‘शाश्वती’, कर्जाला दिली तर ‘तारण’, घरमालकाला दिली तर ‘अनामत’. शेअर बाजाराच्या कागदात ‘प्रतिभूती’ हा सरकारी शब्द रूढ आहे; बोलताना ‘रोखे’. ‘सुरक्षा’ हा शब्द मी हद्दपार करत नाही. राष्ट्रीय सुरक्षा, सुरक्षा दल, अग्निसुरक्षा हे पक्के बसलेले शब्द, त्यांना हात लावू नये. पण एकाच पानावर सेफ्टी आणि सिक्युरिटी दोन्ही आली, तर सेफ्टीला ‘सुरक्षितता’ आणि सिक्युरिटीला ‘सुरक्षा’ असं मी पहिल्याच पानावर ठरवून टाकते आणि शेवटपर्यंत पाळते. कायद्याच्या नावात मात्र अधिकृत मराठी नाव असेल तेच. तिथे आपली हुशारी नको.

‘सेफ अँड सिक्युअर’ असं जोडीने आलं, की दोघांना वेगळं भाषांतरायचा हट्ट धरू नका. जाहिरातीत आणि करारात हे नुसतं वजन वाढवायला येतं. ‘पूर्णपणे सुरक्षित’ एवढं बास. ‘सेफ अँड साउंड’ला तर ‘सुखरूप’ तयारच आहे.

दुसऱ्या जोडीवर हात चालवून बघा

पद्धत अंगवळणी पडायला एक घरगुती जोडी घ्या: ‘रिपेअर’ आणि ‘मेंटेनन्स’. गोळा केलेल्या वाक्यांत आधी मुंबईचा अर्थ वेगळा काढा. इथे ‘मेंटेनन्स’ म्हणजे महिन्याचं बिल. ‘मेंटेनन्स भरला का?’ यात देखभाल कुणी विचारत नाही. अदलाबदल करा: ‘रिपेअर द लिफ्ट’ आणि ‘मेंटेन द लिफ्ट’ दोन्ही बरोबर, पण पहिल्यात लिफ्ट बंद पडली आहे, दुसऱ्यात ती बंद पडू नये म्हणून माणूस येतो. ‘मेंटेन’पुढे स्पीड, सायलेन्स, डिस्टन्स येतात, ‘रिपेअर’पुढे यातलं काहीच येत नाही. उलटं करून बघा: ‘मेंटेनन्स’च्या विरुद्ध ‘निग्लेक्ट’ येतो, ‘रिपेअर’च्या विरुद्ध ‘डॅमेज’. मग नियमांत बघा. सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्ये दुरुस्ती व देखभाल निधी एकत्रच आहे, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के, आणि मोठ्या कामांसाठी सिंकिंग फंड वेगळा, किमान 0.25 टक्के. म्हणजे कायद्याच्या कागदावर हे दोन शब्द एका खात्यात नांदतात आणि सर्वसाधारण सभेत त्यांच्यावरून तास दोन तास भांडण होतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग यात रिपेअर धरायचं की मेंटेनन्स, हे वरच्या मजल्यावरच्या आणि तळमजल्यावरच्या सभासदांना वेगवेगळं विचारून बघा. आणि वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयाच्या एखाद्या कागदात ‘मेंटेनन्स’ दिसला, तर तिथे ‘पोटगी’ लिहा.